खुर्चीच्या पाठीमागची माणसं

आमच्या घरात कुठलीही वस्तू बघायची म्हणजे दहा पावलं मागं सरून बघायची. ही सवय धंद्यातली. कारखान्यात नव्या डिझाइनची पहिली चादर उतरली की नायना ती दोघांच्या हातात देऊन अंगणात ताणून धरायला लावायचे. (नायना म्हणजे माझे वडील. आम्ही तेलुगू, सोलापुरात पिढ्यान् पिढ्या चादरी-टॉवेल विणणारे.) मग घरातले, कारखान्यातले, शेजारचे, ज्याला म्हणून डोळे आहेत असा प्रत्येक जण समोरच्या भिंतीपाशी जाऊन तिच्याकडं बघायचा आणि मत द्यायचा. पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलाय का, दोन तुकडे जोडले तर जोडावर नक्षी जुळते का, हे जवळून कळत नाही, असं नायनांचं म्हणणं होतं. चादरीच्या बाबतीत ते खरंही होतं. न्हाणीघराच्या फरशीपासून माझ्या आत्याच्या होणाऱ्या नवऱ्यापर्यंत सगळं आमच्याकडं असंच, भिंतीला पाठ लावून पाहिलं गेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी माझं विमानही तसंच बघितलं, तक्रार आहे ती त्याबद्दल, आणि आता म्हातारी झाले तरी ते दिवस आठवले की माझं डोकं उठतं.

मी तेव्हा विमान चालवायला शिकत होते. शिकता शिकता अडकले होते, असं म्हटलं तर जास्त खरं. सोलापुरापासून बऱ्याच लांबच्या एका संस्थेत मला घातलं होतं, आणि त्यासाठी कारखान्यातले दोन माग विकले गेले होते. माझ्याबरोबरची मुलं एकेक करत एकट्यानं उडून आली. मी मात्र शेजारी शिकवणाऱ्या बाई बसल्याशिवाय उडू शकत नव्हते, कारण मला उतरता येत नव्हतं. धावपट्टीवर टेकायच्या जरा आधी विमानाचं नाक हळूच वर घ्यावं लागतं, म्हणजे ते चाकांवर अलगद बसतं. मी ते नाक फार उंचावर उचलायचे. विमान हवेतच रेंगाळायचं, त्याचा वेग संपायचा, आणि मग धप्पकन आदळायच्या आत बाईंना हात घालावा लागायचा. "जमीन अजून खाली आहे गं," त्या दर वेळी म्हणायच्या. "तुला ती दिसली तरी कुठं?" मला ती दिसत होती, तिथंच दिसत होती, पण हे त्यांना कसं पटवून सांगावं ते मला कळत नव्हतं. अशात धावपट्टीवर नवं डांबर घालायचं निघालं आणि आम्हाला घरी पाठवण्यात आलं. निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं. परत आल्यावर संस्थेचे मुख्य, आमचे थोरले साहेब, स्वतः माझी चाचणी घेणार होते. उतरता आलं तर पुढं शिकायचं, नाही आलं तर बिछाना गुंडाळून घरी. "घरी सिम्युलेटर आहे म्हणालीस ना," त्या म्हणाल्या. "त्यावर रोज उतर. फक्त उतर. दुसरं काही करू नकोस."

सिम्युलेटर म्हणजे संगणकावरचं विमान. दांडा, पायातले पेडल, समोर पडदा, आणि पडद्यात खऱ्यासारखं जग. माझं ते बैठकीतल्या मोठ्या टीव्हीला जोडलेलं होतं, आणि संस्थेत जाण्याआधी वर्षभर मी त्यावरच उडत होते. जोडलं होतं रमेशमामानं. हा अम्माचा धाकटा भाऊ. नवी पेठेच्या एका बोळात जुने टीव्ही आणि संगणक विकायचा, आणि आमच्या घरातल्या तारा-बटणांच्या सगळ्या गोष्टींचा मुखत्यार स्वतःला समजायचा. टीव्ही एका भिंतीवर आणि मी समोरच्या भिंतीला टेकलेल्या दिवाणावर, मांडीत पाट, पाटावर दांडा. दिवाणावर माझ्या दोन्ही बाजूंना माणसं. कारखाना घराच्या पाठीमागं होता. दुपारी चहाला माग थांबले की ती खटखट बंद व्हायची आणि दोनच मिनिटांत बैठकीत चपलांचा ढीग पडायचा. अम्मा सर्वपिंडी करायची, तांदळाच्या पिठाची, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घातलेली, पातेल्याच्या बुडाला थापून खरपूस भाजलेली, आणि तिचे तुकडे हातोहात फिरायचे. मग सुरू व्हायच्या फर्माइशी. सिद्धेश्वराच्या तळ्यावरनं घे की. आमची गल्ली दाखव की. उजनीवर ने की, तितलं पाणी लई भारी दिसतंय म्हणं. मी मुकाट्यानं एक फेरी मारून धावपट्टीकडं वळले की सगळे हळहळायचे.

"आत्ता तर उडालीस की," नायना म्हणायचे. "लगीच कशाला उतरायलीस?"

"मला उतरायचाच अभ्यास सांगितलाय, नायना."

"कर की मग. आदी जरा करमाळ्याला जाऊन ये. तुज्या मामीचं माहेर हाय, तिला देऊळ बघायचंय."

असं आठवडाभर चाललं. सोलापूर ते करमाळा मी इतक्या वेळा गेले असेन की ती वाट मला अजून तोंडपाठ आहे. अभ्यास मात्र होत नव्हता, आणि जेवढा होत होता त्यानं माझं उतरणं सुधारायच्या ऐवजी बिघडत होतं, हे मला एका फोनमुळं कळलं. बाईंनी चौकशीला फोन केला होता. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, घरी तर छान उतरते, मग तिथं काय होतं? त्या म्हणाल्या, बसतेस तिथं डोळ्याजवळ मोबाइल धर आणि मला समोरचा फोटो पाठव. मी पाठवला. त्यांचा लगेच उलटा फोन आला.

"ही धावपट्टी आहे की बुटाची नाडी? टीव्ही किती रुंद आहे? तू किती लांब बसतेस?"

मी सांगितलं.

"आणि सेटिंगमध्ये कोन किती ठेवलाय?"

मी उठून बघितलं. पडद्यावर समोरचं किती अंशांचं जग दिसावं हे ठरवणारी एक पट्टी असते, ती मामानं पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत ओढून ठेवली होती, म्हणजे विमानाचे दोन्ही पंख दिसतात आणि बघणाऱ्याला विमानात बसल्याचं सुख मिळतं. मी आकडा सांगितला.

"खिडकी समज तू त्याला," मग त्या म्हणाल्या. "खिडकीपासून लांब सरलं की बाहेरचं कमी दिसतं की नाही? तू एवढी लांब बसलीस तर त्या टीव्हीत पंचवीस अंशसुद्धा मावत नाहीत. तुम्ही शंभर कोंबलेत. मावावं म्हणून त्या बिचाऱ्यानं सगळं जग लहान केलंय. तू दहा फुटांवर असतेस आणि तुला धावपट्टी दिसते पन्नास फुटांवरून दिसावी तशी बारीक. त्या चित्राची तुझ्या हाताला सवय लागली. मग खऱ्या विमानात पन्नास फुटांवर तसंच चित्र दिसलं की तुझा हात नाक उचलतो. तुझा हात काही चुकत नाही. तुझं चित्र चुकलंय."

मला तेव्हा जे वाटलं ते हायसं वाटणं होतं की संताप, ते मला आजही सांगता येणार नाही. म्हणजे इतके महिने मी स्वतःला मठ्ठ समजत होते, आणि खोड होती त्या पट्टीत. मी लगेच टेप आणून अंतर मोजलं, हिशोब केला आणि पट्टी मागं ओढली. पंख गेले, आजूबाजूचं शेतशिवार गेलं, समोर फक्त धावपट्टीचा तुकडा राहिला, पण तो त्याच्या खऱ्या मापाचा होता. चहाच्या वेळी माणसं आली आणि एकच कल्ला झाला. इमान कुटं गेलं? टीव्ही बिघडला काय? मामाला फोन गेला. मी सगळ्यांना खिडकीचं उदाहरण देऊन समजावलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी मी बघते तर पट्टी पुन्हा शेवटच्या टोकाला. मी ती परत आणली. संध्याकाळी ती परत गेली. कोण करतं ते कुणीच कबूल करेना. मग मी उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात स्टूल टाकून बसले, म्हणजे जवळ बसल्यामुळं कोन तरी थोडा वाढवता येईल, तर अम्मा म्हणाली डोळे जातील, आणि दिवाणावरची मंडळी म्हणाली की आम्हाला नुसतं हिचं डोकं दिसतंय.

अजूनही नात्यातली पोरं मला फोन करून विचारतात, अक्का, कुठला स्क्रीन घेऊ? वाकडा घेऊ का तीन घेऊ? मी विचारते, तू बसणार कुठं? तर म्हणतात, ते नंतर ठरवू. त्यांना मी सांगून सांगून थकले की आधी खुर्ची ठरवा, डोळा कुठं येतो ते बघा, आणि मग पडदा घ्या. हातभर रुंदीचा पडदा हातभर अंतरावर असेल तर त्यात पन्नास-पंचावन्न अंश मावतात, त्याहून जास्त हवे असतील तर मोठा पडदा घ्या नाही तर जवळ बसा, तिसरा रस्ता नाही. कुणी ऐकत नाही. सगळ्यांना आधी मोठा पडदा हवा असतो आणि तो घरात कुठं शोभतो हे बघायचं असतं. आणि हे ऐकताना मला नायनाच बोलतायत असं वाटतं.

कारण नायनांनी माझ्या तक्रारीचा त्यांच्या परीनं अर्थ लावला होता. पोरीला लहान दिसतंय, तर मोठं करून देऊ. त्यांनी चादरीच्या रुंद मागावर एक पांढरं कापड विणायला घेतलं, पूर्ण पन्ह्याचं, बिनजोडाचं, घट्ट विणीचं, आणि त्यासाठी गिऱ्हाइकाचं काम दोन दिवस बाजूला ठेवलं. असं त्यांनी आयुष्यात कधी कुणासाठी केलं नव्हतं. विकलेल्या मागांची जागा कारखान्यात रिकामी होती, जमिनीत नुसते बोल्ट उरले होते. तिथं ते कापड वरच्या पाइपला टांगलं. मामानं लग्नाच्या हॉलमधला एक प्रोजेक्टर आणला. सगळा कारखाना भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि पडद्यावर सोलापूरची धावपट्टी आली, कारखान्याच्या दारासारखी मोठी. नायना माझ्याकडं बघत होते. मला त्यांना नाही म्हणवेना. पण ते उन्हाळ्याचे दिवस होते, पत्र्याखाली पंख्याशिवाय मिनिटभर बसवत नव्हतं, आणि पंखा लावला की कापड हलायचं आणि माझी धावपट्टी वाळत घातलेल्या लुगड्यासारखी फडफडायची. उतरायच्या क्षणी जमीन कधी पोटात शिरायची, कधी लांब पळायची. पंखा बंद केला तर घामानं दांडा हातातून निसटायचा. शिवाय प्रोजेक्टर माझ्या पाठीमागं, त्यामुळं धावपट्टीच्या बरोबर मध्यभागी माझ्या डोक्याची सावली. मी खाली वाकून, मान तिरकी करून उतरत होते. "खाली वजन बांधू की," नायना म्हणाले, आणि त्यांनी कापडाच्या खालच्या कडेला सुतानं भरलेल्या कांड्या ओवल्या. मग ते कापड फडफडायचं थांबलं आणि संथपणे झुलायला लागलं. मला त्यानं मळमळायला लागलं.

मग मामाच्या दुकानातून तीन मॉनिटर आले. ही कल्पना माझीच होती, आणि ती वाईट नव्हती. एक समोर, दोन बाजूंना, कडेचे दोन आपल्याकडं वळवून ठेवायचे, म्हणजे मान वळवली की बाजूचं जग बाजूलाच दिसतं आणि कोन खरा राहूनही भरपूर जग मावतं. कारखान्यातल्या त्याच रिकाम्या जागेत टेबल मांडून मी त्यावर खडूनं खुणा करून ते बसवले. खुर्चीत बसलं की क्षितिजाची रेघ तिन्ही पडद्यांतून एकसारखी जायची. मी खूश होऊन नायनांना बोलावलं. ते आले, सवयीप्रमाणं दहा पावलं मागं जाऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. तिथून बघितलं तर रेघ दोन्ही जोडांवर मोडलेली दिसत होती. ती तशीच दिसणार. ती जुळते फक्त खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्याला.

"जोड चुकलाय," ते म्हणाले.

"हितनं जुळतंय, नायना. या, बसून बघा."

"बसून कशाला बगू? दिसतंय की मला. पट्टा मोडलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर तिन्ही मॉनिटर एका ओळीत सरळ. भिंतीपासून रेघ आता दोरी लावल्यासारखी जात होती, आणि खुर्चीतून बघितलं तर कडेचं सगळं जग ताणलेलं, झाडं आडवी झालेली, आणि विमान वळवलं की रेघ नको तिथं तुटणारी. मी ते पुन्हा वळवले. संध्याकाळी चहा पिऊन आले तर पुन्हा सरळ. मी खडूच्या खुणा जाड केल्या. त्यांनी त्या ओल्या फडक्यानं पुसल्या. आम्ही एकमेकांशी त्यावर एक शब्दही बोलत नव्हतो. मी वळवायचे, ते सरळ करायचे. जेवताना समोरासमोर बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायचो, आणि अम्मा कधी माझ्याकडं, कधी त्यांच्याकडं बघून दह्याची वाटी पुढं सारायची. चोरून करायचं असं त्यांच्या मनात मुळीच नव्हतं, हे मला आज कळतं. वाकडं गेलेलं कापड दिसलं की ते सरळ केल्याशिवाय त्यांना पुढं जाताच यायचं नाही. पण तेव्हा माझी चाचणी जवळ येत होती, माझ्या हाताला रोज वेगळी जमीन दिसत होती, आणि वर त्या गरीब संगणकाला तीन पडदे ओढताना धाप लागायची, त्यामुळं ऐन उतरताना चित्र अडखळायचं. मामानं मध्येच डोळ्यांवर बांधायची ती टोपी आणून दिली, जिच्यात चारी बाजूंचं जग दिसतं. तिच्यात दिसत सुरेख होतं. पण माझे हात मला दिसत नव्हते, आणि बाहेरच्या कुणालाच काही दिसत नव्हतं, त्यामुळं ती कुणालाही आवडली नाही. ती बांधून मी हातानं दांडा चाचपडत होते तेव्हा अम्मा दारात येऊन बघत राहिली, आणि तिनं त्या दिवशी माझी दृष्ट काढली.

एके दुपारी माझा बांध फुटला. मी धावपट्टीवर येत होते, शेवटचे काही फूट राहिले होते, आणि नायनांनी पाठीमागून येऊन, मी उडत असताना, डावीकडचा मॉनिटर सरळ केला. मी दांडा सोडून उठले. कारखान्यातले सगळे माग चालू होते, तरी माझा आवाज शेवटच्या मागापर्यंत गेला असं नंतर मला सांगण्यात आलं.

"हे कुणासाटी हाय?" मी म्हटलं. "तुमाला बगायला हाय का मला उतरायला? उतरता न्हाय आलं तर मला घरी धाडणार हायत. मग बसा सगळे भिंतीपाशी आन् बगत बसा मला."

नायनांनी हात मागं घेतला. मी समोरचा एकच मॉनिटर तारांसकट उचलला आणि सुताच्या कांड्या ठेवायच्या बारक्या खोलीत नेला. त्या खोलीत एक टेबल आणि एक खुर्ची मावली की तिसऱ्या वस्तूला जागा नव्हती, पाठीमागं कुणाला उभं राहायलाही नाही. पडदा डोळ्यापासून हातभर अंतरावर, पट्टी पन्नासच्या जरा पुढं, खुर्चीच्या पायांखाली दोन-दोन विटा, डोळा विमानात येतो त्याच उंचीवर. मी दार लावून घेतलं. आमच्या घरात दार लावून काम करणारं मी पहिलंच माणूस.

त्या खोलीतून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पंख नाहीत, तळं नाही, गल्ली नाही. समोर धावपट्टी, आणि ती जवळ येते. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वेळी नाक उंचावर उचललं, कारण हात जुनंच चित्र शोधत होता. धावपट्टी रुंद होत होत पडद्याच्या दोन्ही कडांना जाऊन भिडायची आणि मला वाटायचं, आता आदळले, आणि तरी जमीन अजून खाली असायची. बाई म्हणायच्या तेच. दिवसभर मी उतरत राहिले. अम्मा दारावर बोटानं टकटक करून ताट आत सरकवायची. चहाच्या वेळी बाहेर चपला जमायच्या नाहीत आता. नायना माझ्याशी बोलत नव्हते. ते कापड त्यांनी पाइपवरून उतरवून, घड्या घालून ठेवून दिलं होतं. मला वाईट वाटत होतं आणि त्या वाईट वाटण्याचाही राग येत होता. मग हळूहळू हात थांबायला शिकला. थांब, थांब, अजून थांब, आणि आता. चाकं टेकायची तो आवाजसुद्धा वेगळा यायला लागला.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. दुपारी नायना त्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती म्हणून चौकटीतूनच त्यांनी बघितलं.

"एवढंसंच?" ते म्हणाले. "ह्यात काय दिसतंय तुला?"

मी वाद घालायला तोंड उघडलं होतं. पण मी दमले होते. मी उठले आणि त्यांना म्हटलं, बसा. ते नको म्हणाले. त्यांचा डोळा बरोबर यावा म्हणून मी खुर्चीच्या पायांखालची एकेक वीट काढली, दंड धरून त्यांना बसवलं, आणि चौकटीतून वाकून त्यांच्या हातावर हात ठेवून दांडा धरला. इतक्या दिवसांत त्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते. विमान धावपट्टीच्या रेषेत होतं. सुरुवातीला ते म्हणाले, संत हाय की. मग धावपट्टीचे पांढरे पट्टे मोठे व्हायला लागले, मग डांबर दोन्ही बाजूंनी पसरलं, जमीन वर आली, वेगानं आली, आणि नायनांनी दोन्ही पाय जमिनीवरून उचलून पोटाशी घेतले. मी नाक उचललं. चाकं टेकली, विमान धावत गेलं आणि थांबलं.

त्यांनी एकेक करून पाय खाली टेकवले.

"एवढ्या जवळ येतीय व्हय जमीन?"

"व्हय."

"आन् एवढ्या जोरात?"

"तेवढ्याच जोरात, नायना. खऱ्यात तर खाली चाकं आदळतात, ती हितं कळत न्हाईत."

ते उठले, माझ्या अंगावरून वाट काढून बाहेर गेले. अम्मा ओसरीवर टॉवेलांच्या कडा शिवत होती. तिच्यासमोर उभं राहून ते म्हणाले, "ही न्हाय जायची उद्या."

मला हसावं की रडावं ते कळेना. महिनाभर ह्या माणसानं स्वतःला नीट दिसत नाही म्हणून मला छळलं, आणि आता दिसलं तर जाऊच नको म्हणत होता. मी दाराला टेकून खाली बसले. अम्मानं मशीन थांबवलं. ती कधी माझ्या पडद्यासमोर आली नव्हती, तिनं कधी कुठल्या फर्माइशीत भाग घेतला नव्हता.

"इतके दिवस सगळं गाव दिसत हुतं तवा तुमाला भ्या वाटलं न्हाय," ती म्हणाली. "आता एवढंसं दिसलं तर वाटायलंय?"

"तवा ते चित्र हुतं," नायना म्हणाले.

"तुमाला हुतं. ती पैल्यापासनं तितंच बसलीय की."

नायनांनी एक टॉवेल उचलला, त्याची कड बघितली आणि परत ठेवला. मग ते कारखान्यात गेले. रात्री जेवताना त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं, आणि सकाळी माझी बॅग स्कूटरवर पुढं ठेवून मला स्टँडवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते, गाडीच्या अगदी जवळ, इतके की कंडक्टरनं त्यांना मागं व्हायला सांगितलं.

थोरल्या साहेबांनी चाचणी घेतली. मी जमिनीकडं येत होते आणि ती रुंद होत होत दोन्ही कडांना पसरली, आणि हात थांबला, आणि जमीन होती तिथंच मला दिसली. अलगद टेकलं म्हणता येणार नाही, पण टेकलं. साहेब खाली उतरले, त्यांनी दार लावलं आणि एकटीनं जाऊन यायला सांगितलं. मी गेले आणि आले. बाईंनी पाठीत एक धपका घातला. मग मी घरी फोन केला. कारखाना चालू होता, नायनांना माझं ऐकू येत नव्हतं, ते ओरडून विचारत होते, "उतरलीस का? उतरलीस का?" मी ओरडून सांगितलं, उतरले. ते म्हणाले, बरं, आणि फोन अम्माकडं दिला.

पुढं मी मोठी विमानं चालवली, समुद्र ओलांडले. कुठून कुठून फोन करायचे मी त्यांना. वरनं काय दिसलं असं नायनांनी मला त्यानंतर एकदाही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच. म्हातारपणी कारखाना बंद झाला, घरात आवाज कसला तो उरला नाही, तरी ते फोनवर ओरडूनच विचारायचे, आणि मीही कुठल्या कुठल्या विमानतळावर, चारचौघांत उभी राहून, ओरडूनच सांगायचे, उतरले म्हणून.